फ्रेझल व्हर्ब कुठे अडतात? नाशिककरांनो, इथे लिहा

व्याकरण पक्कं असलं तरी 'पुट', 'टेक', 'गेट'ला 'ऑफ' किंवा 'अप' चिकटून फ्रेझल व्हर्ब झालं की आपली गाडी अडते. किस्से नकोत. चूक कोणती, कशामुळे होते आणि सुधारायची कशी, एवढंच लिहा.

अंबड एमआयडीसी, ग्राहकांशी पत्रव्यवहार
तपासणी सोमवारवर ढकलायची असते आणि मेलमध्ये जातं 'कॉल्ड ऑफ टिल मंडे'. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द. समोरचा तिकीट रद्द करून मोकळा होतो. लिहायचं 'पुट ऑफ टिल मंडे'. तसंच चाचणी 'कॅरी आउट' करतात. 'कॅरी ऑन' म्हणजे आधीच चालू असलेलं पुढे चालू ठेवणं.

पिंपळगाव, द्राक्ष पॅकहाउस
'बॉक्सेस आर रन आउट' चूक. 'खोके संपले'चं शब्दशः भाषांतर करताना हा 'आर' घुसतो. 'वी हॅव रन आउट ऑफ बॉक्सेस' म्हणा, 'आउट'नंतरचा 'ऑफ' (of) विसरू नका. मणी प्रतवारीला लावणं म्हणजे नुसतं 'सॉर्ट'. 'सॉर्ट आउट' बहुतेकदा भानगड मिटवायला.

पंचवटी, पर्यटकांसोबत काम
चपला 'टेक ऑफ' करायच्या, 'पुट ऑफ' नाही. आपलं 'उतरा' सगळ्या वाहनांना चालतं, इंग्रजीत दोन आहेत: बसमधून 'गेट ऑफ', रिक्षातून किंवा कारमधून 'गेट आउट ऑफ'. ज्यात उभं राहून चालता येतं तिथे 'गेट ऑफ', हा ठोकताळा बहुतेक वेळा चालतो.

गंगापूर रोड, स्पोकन इंग्लिशचा क्लास
अर्थापेक्षा जास्त चुका जागेच्या होतात. 'पिक अप द पार्सल' आणि 'पिक द पार्सल अप' दोन्ही बरोबर. पण पार्सलच्या जागी 'इट' आलं की ते मधेच बसतं: 'पिक इट अप'. 'पिक अप इट' कधीच नाही. उलट 'लुक आफ्टर हिम' तुटत नाही. ओळखायचं कसं? मोठ्याने बोला. 'पिक इट अप'मध्ये जोर 'अप'वर येतो, 'लुक आफ्टर हिम'मध्ये 'लुक'वर. म्हणून वहीत 'पिक अप = उचलणे' असं लिहून घेऊ नका; 'पिक इट अप', 'लुक आफ्टर हिम' असे अख्खे तुकडे लिहा. एका दिवशी पाच पुरेत, आणि 'पुट'चे सगळे एकदम तर मुळीच नकोत. सारखे दिसणारे शब्द एकत्र पाठ केले की तेच एकमेकांत मिसळतात.

सिडको, भाषांतर
वरच्याला जोड. आपल्याकडेही हा प्रकार आहे, फक्त दुसरं क्रियापद लागतं. 'शोध' आणि 'शोधून काढ' यांत जो फरक, साधारण तोच 'लुक फॉर' आणि 'फाइंड आउट'मध्ये. 'खा' आणि 'खाऊन टाक' म्हणजे 'ईट' आणि 'ईट अप'. हा 'अप' वर जाण्याचा नाही, संपवण्याचा: 'यूज अप', 'ड्रिंक अप'. 'वर' असं भाषांतर केलं की घोळ झालाच.

नाशिक रोड
'कोप अप विथ'मधला 'अप' काढा, नुसतं 'कोप विथ'. तो 'कीप अप विथ'मधून येतो. आणि फॉर्म 'फिल इन', टाकी 'फिल अप'.