कुळागराच्या मातीच्या बांधाला पाइपाजवळ धार लागलीय – सिमेंटने बुजवावी का?

सत्तरी_कुळागर
गोव्यात आमच्या कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) ओहळावर आमचा खासगी मातीचा बांध आहे, साधारण ३५ वर्षांपूर्वीचा. उंची ५ मीटर, लांबी ६०, माथा अडीच मीटर रुंद. पाण्याच्या अंगाला चिऱ्यांचं पिचिंग (जांभ्या दगडांचं अस्तर). तळातून ११० मिमीचा पीव्हीसी पाइप, व्हॉल्व्ह खालच्या बाजूला. सांडवा (जादा पाण्याची वाट) २ मीटर रुंद, मासे जाऊ नयेत म्हणून त्याला जाळी. पाणलोट अंदाजे २० हेक्टर. या पावसात पाइपाच्या तोंडापासून हातभर अंतरावर करंगळीएवढी धार सुरू झाली. माथ्यावर माट्टीची (ऐनाची) दोन झाडं आहेत, मागच्या उतारावर रोयण (वारूळ). खाली दोन घरं आहेत. कोणी म्हणतं सिमेंट मारा, कोणी म्हणतं पाझर असायचाच.

पाझर_मोजणी
पाझर असायचाच, हे बरोबर. प्रश्न तो सोबत माती आणतोय का, हा आहे. पाऊस थांबून दोन तास झाले की धारेचं पाणी काचेच्या बाटलीत भरा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी तळाला तांबडा थर दिसला तर बांध आतून पोखरला जातोय. पाऊस चालू असताना घेतलेल्या नमुन्याला अर्थ नाही, उतारावरून वाहून आलेलं पाणी तांबडंच असतं.

मग मोजा. धारेपुढे पत्र्याची छोटी आडभिंत बसवा, तिला ९० अंशांची व्ही खाच कापा. खाचेच्या मागे अर्ध्या मीटरवर पट्टी रोवून पाण्याची उंची वाचा, शून्य खाचेच्या टोकाशी. ३ सेंमी म्हणजे सेकंदाला साधारण ०.२ लिटर, ५ सेंमी म्हणजे पाऊण लिटर, १० सेंमी म्हणजे सव्वाचार. रोज त्याच वेळी आकडा लिहा आणि शेजारी तळ्याची पातळीही. पातळी तेवढीच असून पाझर वाढत गेला तर ते वाईट लक्षण.

चिरा_माती
बाहेरून रॅपिड सिमेंटचा गोळा ठोका आणि वर चिकणमाती दाबा. दोन दिवसांत बंद होतं.

पाझर_मोजणी
@चिरा_माती, हे करू नका. धार बंद दिसेल, पण पाण्याचा दाब आत तसाच राहील. पाणी बाजूला नवी वाट काढेल, आणि ती कुठे निघेल ते दिसणारही नाही. पाणी वाहू द्यायचं, माती अडवायची. तोंडावर आधी १५–२० सेंमी जाड रेती, त्यावर ६–१२ मिमी खडी, त्यावर २०–४० मिमी खडी, शेवटी वजनाला दगड. धारेच्या जोराने रेती उडत असेल तर आधी मोठी खडी टाकून जोर मोडा, मग हेच थर द्या. चिऱ्याचा चुरा किंवा क्रशरची भुकटी नको, थर चोंदतो.

व्हॉल्व्ह खालच्या तोंडाला असल्यामुळे तो बंद असताना बांधाच्या पोटातला सगळा पाइप दाबाखाली असतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून दोन-तीन तास थांबा. धार कमी झाली तर सांधा फुटलाय असं समजा. तशीच राहिली तर पाणी पाइपाच्या बाहेरून मातीला चिकटून येतंय, आणि ते जास्त धोक्याचं. आतलं तोंड तपासायला कोणाला बुडी मारायला पाठवू नका, ओढ जीव घेते.

वसंत_बंधारा
धारेच्या गडबडीत सांडवा विसरू नका. तासाला १०० मिमीची सर आणि २० हेक्टर धरले, अपधाव गुणांक (पावसातला वाहून येणारा हिस्सा) ०.६ घेतला, तर येणारं पाणी सेकंदाला ३.३ घनमीटर. तुमच्या २ मीटर सांडव्यावरून अर्धा मीटर जाडीचं पाणी वाहिलं तरी जातं १.२. उरलेलं माथ्यावर चढतं, आणि मातीच्या बांधावरून पाणी ओसंडलं की मागचा उतार धुपत मागे सरकतो. त्यावर इलाज उरत नाही. निदान साडेपाच मीटर रुंदी हवी, पुराच्या पाण्यापासून माथ्यापर्यंत मोकळी उंची १ मीटर.

जाळी आजच काढा. तिच्यात पानं आणि फांद्या अडकल्या की सांडवा म्हणजे भिंतच. वसंत बंधाऱ्याच्या फळ्या आपण पावसाआधी काढतो, आणि इथे ऐन आषाढात जाळी!

माट्टी_आणि_वारूळ
झाडं आत्ता तोडू नका. खोड कापून सोडलं तर मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुंधा मुळांसकट उकरा आणि खड्डा १५ सेंमीच्या थरांनी ओलसर चिकणमाती धुमसून भरा. खासगी जमिनीतल्या झाडालाही गोव्याच्या १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते, अर्ज आधीच करा.

रोयणीकडे लक्ष द्या. उतारावर अळमी (रानटी अळंबी) उगवली असतील तर काढायची हौस होते, पण ती वाळवीच्या जिवंत घरट्यावरच येतात. म्हणजे खाली पोकळ्या आहेत. उगवली तिथे खुंटी मारून ठेवा, उन्हाळ्यात तिथेच खणायचं आहे. खेकड्यांची बिळंही तशीच नोंदवा. रत्नागिरीतलं तिवरे धरण फुटल्यावर (२ जुलै २०१९) ते खेकड्यांनी पोखरलं या कारणावर लोक हसले, पण अडीच मीटर माथ्याच्या बांधाला बीळ खरंच महाग पडू शकतं.

सत्तरी_कुळागर
देव बरें करूं. जाळी काढली. खाचेत ३ सेंमी, बाटलीत गाळ नाही. व्हॉल्व्ह उघडल्यावर धार निम्म्यावर आली. तपासणी सरकार करतं का? पाणी किती उतरवू?

वसंत_बंधारा
धरण सुरक्षा कायदा २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो, १० ते १५ मधल्यांना काही अटींवर. तुमचा ५ मीटरचा त्यात बसत नाही, जबाबदारी मालकाची. तरी जलस्रोत खात्याला लेखी कळवून अभियंत्याची पाहणी मागा, आणि पोच घ्या.

निम्म्यावर आली म्हणजे सांधा नक्कीच गळतोय, उरलेली निम्मी बाहेरून असू शकते. व्हॉल्व्ह उघडाच ठेवा, दिवसाला ३० सेंमीपेक्षा जास्त पाणी उतरवू नका. एकदम उतरलं तर पाण्याकडचा ओला उतार घसरतो. पाऊस जोरात असेल तर पातळी उतरणारही नाही, मग माथ्यावरून सायफन लावा. धार गढूळ झाली किंवा माथा खचला तर ही ३० सेंमीची मर्यादा विसरा, खालच्या दोन्ही घरांना बाहेर काढा आणि ११२ लावा. त्यांचे नंबर आजच लिहून घ्या.