मदत हवी आहे: ६.६ केव्ही मोटर सुरू होताना अर्थ फॉल्टचा (करंट जमिनीकडे वाहण्याच्या दोषाचा) खोटा ट्रिप

नमस्कार मंडळी. ३३/६.६ केव्ही ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला ९.५ ओहमचा एनजीआर (न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला, फॉल्ट करंट मर्यादित ठेवणारा रेझिस्टर) आहे, म्हणजे पक्का अर्थ फॉल्ट झाला तरी करंट ४०० अँपिअरच्या आसपास; रेटिंग १० सेकंद. ९०० किलोवॅटची डीओएल (थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू होणारी) मोटर, सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) १५०/१, अर्थ फॉल्ट रिले रेसिड्युअल जोडणीवर (तिन्ही फेजच्या सीटींच्या बेरजेवर), सेटिंग १० टक्के (१५ अँपिअर), ०.१ सेकंद. पाच स्टार्टमध्ये साधारण दोनदा ट्रिप. मेगर (इन्सुलेशनची चाचणी) उत्तम आहे. रिलेच्या रेकॉर्डमध्ये सुरुवातीला २२ अँपिअर रेसिड्युअल दिसतो, मग विरतो. त्याच वेळी आर फेजच्या वेव्हचा एका बाजूचा माथा चेपलेला. म्हणजे डीसी ऑफसेटने (सुरुवातीचा करंट एका बाजूला सरकल्याने) सीटी सॅच्युरेट होतोय, म्हणजे करंट नीट दाखवत नाही, खरा फॉल्ट नाही.

सेटिंग वाढवायला मन धजत नाही. मोटरच्या वाइंडिंगमध्ये न्यूट्रलच्या जवळ फॉल्ट झाला तर करंट मुळातच कमी, तो भाग उघडा पडेल.

म्हणून ५०/१ सीबीसीटी (तिन्ही फेज एकत्र ज्यातून जातात असा एकच सीटी) बसवून ५ अँपिअर सेटिंग ठेवायचा विचार आहे. केबल ४५० मीटर, तिचा चार्जिंग करंट हिशेबाने १ अँपिअरच्या आत, त्यामुळे दुसऱ्या फीडरच्या फॉल्टला हा रिले उडू नये.

अडचण पॅनलमधली. ग्लँड (केबल पॅनलमध्ये शिरते तिथली पकड) सीबीसीटीच्या खाली, पण स्क्रीन (केबलवरचं धातूचं आवरण) वर टर्मिनेशनपर्यंत जाते. तिची अर्थ वायर सीबीसीटीतूनच परत खाली आणून अर्थ करायची ना? तशी न आणल्यास स्क्रीनमधून परतणारा फॉल्ट करंट वजा होऊन रिले गप्प बसेल, ही भीती आहे.

जागा फारच अरुंद आहे. स्प्लिट कोअर सीबीसीटी इतक्या कमी सेटिंगला भरवशाचा ठरतो का? कोणी प्रायमरी इंजेक्शनने (सीटीतून प्रत्यक्ष करंट सोडून) तपासला असेल तर आकडे कळवा.