पोटात पू झाला: दुर्बिणीतून धुवायचं की आतडं कापायचं?

गोथेनबर्गकर
मोठ्या आतड्याच्या भिंतीला छोटे फुगे येतात. त्यातला एखादा सुजून फुटला की पू पोटभर पसरतो. या दुखण्याची तीव्रता मोजणाऱ्या हिंची वर्गीकरणातला हा तिसरा टप्पा. विष्ठा पसरली तर चौथा. यावर जुना इलाज म्हणजे हार्टमन ऑपरेशन: सिग्मॉइड (मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा वळणदार भाग) कापायचं, खालचं तोंड शिवायचं, वरचं पोटावर आणून शौचाची पिशवी लावायची. हार्टमननं ते १९२१ मध्ये सांगितलं, तेही कर्करोगासाठी!

माझं मत: तिसऱ्या टप्प्यात आधी दुर्बिणीतून पोट सलाईननं स्वच्छ धुवावं, ड्रेन (घाण बाहेर काढणारी नळी) ठेवावा, अँटिबायोटिक द्यावं आणि आतड्याला हात लावू नये. आयर्लंडमध्ये २००८ साली ९२ जणांचं असं केल्याचं प्रसिद्ध झालं, मृत्यू ३ टक्क्यांच्या आसपास. पुढे स्वीडन-डेन्मार्कच्या दिलाला चाचणीत वर्षभरात पुन्हा ऑपरेशन लागलेले धुतलेल्यांत सुमारे २८ टक्के, हार्टमनवाल्यांत ६३. माझंही चार वर्षांपूर्वी असंच धुतलं. पिशवी नाही, पोटावर तीन बारीक व्रण.

पोटाचा डॉक्टर
तुम्ही बरे झालात, आनंद आहे. पण त्या ६३ टक्क्यांत पिशवी बंद करायची ठरलेली ऑपरेशनंही धरली आहेत. ती वजा करून बघा. स्वीडन-नॉर्वेच्या स्कॅन्डिव्ह चाचणीत (२०१५) ९० दिवसांत अचानक करावी लागलेली ऑपरेशनं मोजली, तर धुतलेल्यांत २० टक्के आणि कापलेल्यांत ६ सुद्धा नाहीत. शिवाय धुतलेल्या चौघांत सिग्मॉइडचा कर्करोग तसाच आत राहिला होता. धुण्याचीच हॉलंडची लोला चाचणी तर सुरक्षिततेच्या काळजीनं मध्येच थांबवावी लागली. फुटलेली पाइपलाइन तशीच ठेवून नुसती फरशी पुसायची, हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

लेक
डॉक्टर, फरशीचा दृष्टांत ठीक, पण पिशवी घरात कशी राहते ते आम्हाला विचारा. बाबांचं हार्टमन झालं तेव्हा "सहा महिन्यांत जोडू" असं ठरलं होतं. मग हृदय अशक्त निघालं, भूल देणारे तयार होईनात, आणि पिशवी कायमची झाली. पिशवीभोवतीची कातडी लाल होते. लग्नाच्या पंगतीत ते बसत नाहीत, एसटीत चढत नाहीत. आईनं बेसिनशेजारी वेगळी बादली ठेवलीय, तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. तुमच्या टक्केवारीत ती बादली कुठे मोजता?

पोटाचा डॉक्टर
ताई, बरोबर बोललात. म्हणूनच माझं मत हार्टमनकडे नाही. रक्तदाब स्थिर असेल, तर खराब भाग काढून आतडं तिथल्या तिथे जोडावं, वाटल्यास वर तात्पुरती लहान आतड्याची पिशवी. ती बंद करणं बरंच सोपं. २०१९ च्या दिव्हा चाचणीत वर्षअखेर पिशवीशिवाय जिवंत असलेले जोडलेल्यांत जवळपास ९५ टक्के, हार्टमनमध्ये ७२.

गोथेनबर्गकर
पण त्यातली सगळी दुर्बिणीतून नव्हती, पोट उघडूनही झाली! आणि स्कॅन्डिव्हचाच पाच वर्षांचा हिशेब सांगा ना. गंभीर त्रास दोन्हीकडे सारखाच, ३६ आणि ३५ टक्के. पिशवी राहिलेले मात्र धुतलेल्यांत ८, कापलेल्यांत ३३. हां, दुखणं उलटलेले २१ विरुद्ध ४. हा धोका मी पत्करेन.

तालुक्याचा सर्जन
तुम्ही दोघंही मोठ्या शहरांतलं बोलताय. रात्री दोन वाजता माझ्याकडे दुर्बीण आहे, पण ती धरायला हात नाही. पू बघून जोड द्यायला अनुभव लागतो, तोही सगळ्यांकडे नाही. आशियात हे फुगे उजवीकडे जास्त सापडतात, डावीकडचा असा फुटलेला पेशंट मला क्वचितच दिसतो. त्या रात्री मी हार्टमनच करतो आणि झोपतो. पेशंट मरू नये, एवढंच डोक्यात असतं.

पोटाचा डॉक्टर
ते मान्य, तुमच्या जागी मीही तेच करेन. गोथेनबर्गकर, एकच विचारतो: धुतल्यावर दीड-दोन महिन्यांनी कोलोनोस्कोपी (मोठं आतडं आतून दुर्बिणीनं तपासणं) झाली होती का?

गोथेनबर्गकर
झाली, सातव्या आठवड्यात. एक पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूची छोटी गाठ) निघाला, काढला. तो धुण्यानं सापडला नसता, हे कबूल.