थायरॉइड असताना अश्वगंधा?

वर ताईंनी विचारलंय की सारखी धडधड होते, घाबरं वाटतं, तर थायरॉइडच्या गोळीबरोबर अश्वगंधा चूर्ण दुधातून घेऊ का, तर ताई प्लीज परस्पर नका सुरू करू, अश्वगंधाने थायरॉइड हार्मोनची लेव्हल वाढू शकते आणि मग धडधड कमी व्हायची सोडून अजून वाढायची. डॉक्टरांना आधी विचारा. आणि आयुर्वेद म्हणजे नुसतं चूर्ण नाही हो, चांगला वैद्य आधी जागरण, जेवणाच्या वेळा, चहा किती हे विचारतो, शिवाय चरकांनी मनासाठी सत्त्वावजय (म्हणजे मनाला नको त्या गोष्टींपासून आवरणं) ही वेगळी चिकित्साच सांगितलीय, तिचं कुणी नावच काढत नाही! रात्री काशाच्या वाटीने तळपाय तेल लावून घासा, मला तरी बरं वाटतं (पाय काळे होतात ती उष्णता बिष्णता नाही, तेल आणि धातूचा प्रकार आहे तो).