१४ फुटी शिडाच्या बोटीत फ्लोअरखाली पाणी: गळती शोधायची कशी, झाकण कापायचं कुठे?

वारा_खडकवासला: फायबरग्लासची बोट, वर-खाली होणारा सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात उतरणारी, बोट आडवी घसरू न देणारी फळी). दोन तास चालवली की फ्लोअरखाली बादलीभर पाणी जमतं. फ्लोअर पूर्ण बंद, मागे फक्त निचऱ्याचं बूच. गळती नेमकी कुठे, हे कसं ओळखावं? दुकानदार म्हणतो सिलिकॉन मारा.

कोथरूडचा खलाशी: सिलिकॉन कृपया नको. त्याचा थर जेलकोटवरून (फायबरचा बाहेरचा चकचकीत थर) पुरता निघत नाही आणि नंतर त्यावर रेझिन, रंग, पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट काहीच धरत नाही.

आधी फ्लोअर कापून तिथे उघडता येणारं झाकण बसवा, मगच शोध घ्या. बुचाभोवतीची कॉलर (कडी) तपासायची तर पाणी दुसरीकडूनच ओतायला हवं ना? बोट ट्रेलरवर ठेवून हलला (बोटीच्या तळाच्या कवचाला) मध्येही नीट आधार द्या आणि आत ४-५ सेंमीच पाणी भरा. १०० लिटर म्हणजे १०० किलो, कमी आधारावर हल तडकतो. बाहेरून पुसून खडूची पूड लावा, ओल लगेच उमटते. सेंटरबोर्डचा पिव्हट बोल्ट (ज्यावर तो फिरतो), त्याच्या केसचे (ज्या खोबणीत तो बसतो तिचे) खालचे कोपरे, बूच या क्रमाने बघा. सगळं कोरडं निघालं तर पाणी वरून येतंय: हल आणि डेक (बोटीचा वरचा भाग) यांचा जोड किंवा सुकाणूच्या कड्यांचे बोल्ट. तिथे पाइपने खालून वर पाणी मारा, एकाने आत टॉर्च धरावा. बोट कलल्यावरच पाणी येत असेल तर संशय डेकच्या जोडावर.

फायबर_भोसरी: झाकण ६ इंची, आट्यांचं घ्या. ४ इंचीतून हात जातो, पण पान्ह्यासकट फिरत नाही. एक मागे, पाणी साचतं तिथे, दुसरं सेंटरबोर्ड केसलगत. कापण्याआधी ६ मिमीचं भोक पाडून वाकवलेली तार आत फिरवा. खाली रिब (आतली आधाराची पट्टी) लागली तर जागा बदला. मास्किंग टेप लावून बारीक दातांच्या जिगसॉने कापा, मास्क हवाच. कापलेल्या कडेला प्लाय किंवा बाल्सा (हलकं लाकूड) दिसला तर ५-६ मिमी कोरून सिलिका घातलेलं इपॉक्सी भरा, नाहीतर हा आतला लाकडी थर कुजतो. प्लास्टिकच्या झाकणाखाली ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), कारण काही प्लास्टिक पीयूने तडकतात.

वारा_खडकवासला: केसच्या कोपऱ्यात बारीक चीर दिसते आहे. मॅट आणि इपॉक्सी चालेल?

फायबर_भोसरी: साधी चॉप्ड (तुटक धाग्यांची) मॅट नको. तिचा बाइंडर (धागे धरून ठेवणारा चिकटा) पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत नाही. विणलेलं कापड घ्या. चिरेच्या दोन्ही बाजूंना उतार घासा आणि मोठ्यापासून लहान अशा पट्ट्या लावा. एप्रिल-मेमध्ये एका वेळी १०० ग्रॅमच इपॉक्सी, पसरट ताटलीत कालवा, कपात ते तापून धूर येतो. पावसाळ्यात वर मेणचट थर येतो, तो पाणी आणि स्क्रबरने धुऊनच पुढचा थर द्या. पॉलिएस्टर वापरलंत तर कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं द्रव्य) आणि हार्डनर एकमेकांत कधीही थेट मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर.

कोथरूडचा खलाशी: बोल्टच्या भोकाची वरची कड थोडी खोलगट करा, म्हणजे सीलंटची रिंग तिथे राहते. आवळताना नट फिरवा, बोल्ट धरून ठेवा. पिव्हटला दोन्हीकडे रबरी वॉशर, पण अति आवळू नका, केस दबते.

आणि ती बंद पोकळी म्हणजे बोटीची तरंगशक्ती. पाण्यावर झाकणं घट्ट बंद, किनाऱ्यावर आली की उघडी ठेवून आतलं सुकू द्या.