जुन्या शाकाहारी खाणावळी आणि तिथले वाढप: आपापले अनुभव लिहावेत

माटुंगा स्थानकाबाहेर पडून बाजाराच्या इमारतीचा जिना चढला की पहिल्या मजल्यावर रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग लागते. ही खाणावळ 1942 सालापासून चालू आहे. माझे वडील राजापूरहून मुंबईला नोकरीसाठी आले, तेव्हा भाड्याच्या खोलीत चूल पेटवायची परवानगी नव्हती, आणि लग्न होईपर्यंतची जवळजवळ चार वर्षे त्यांचे दुपारचे जेवण याच जिन्यावरून वर जाऊन झाले. मागच्या महिन्यात त्यांना पुन्हा तिथे घेऊन गेले. गुडघे दुखत असूनही त्यांनी जिना न थांबता चढला. आम्ही टोकन घेतले, बाकावर बसून आपला आकडा पुकारला जाण्याची वाट पाहिली, मग समोर केळीचे पान आले. त्यावर पाणी शिंपडून त्यांनी ते हाताने निपटून घेतले. दोन भाज्या, सांबार, रसम, भात, पापड, ताक असे साधेच जेवण, पण रसमाचा पहिला घोट घेतल्यावर वडील थोडा वेळ काही बोलले नाहीत.

जेवताना त्यांनी मला एक गोष्ट दाखवली, आणि तिच्यासाठीच मी हे लिहीत आहे. "वाढपी माणसाकडे बघत नाही, पानाकडे बघतो," ते म्हणाले. खरोखरच तसे होते. हातात चार वाट्यांचे भांडे घेऊन फिरणारा तो माणूस कोणालाही "काय हवे" असे विचारत नव्हता. कोणाची कोबीची भाजी संपली, कोणी भात बाजूला सारला, कोणाचा सांबाराकडे हात जातो आहे, हे तो चालता चालता टिपत होता. जेवण झाल्यावर वडिलांनी पानाची वरची बाजू आपल्याकडे दुमडली. दक्षिणेत तृप्त झाल्याची ती खूण आहे, आणि ती ते तिथेच शिकले होते.

जुन्या उपाहारगृहांविषयी लिहिताना आपण बहुधा संगमरवरी टेबले, लाकडी खुर्च्या आणि भिंतीवरची छायाचित्रे यांचे वर्णन करतो. मला ते आवडते, पण जपण्याजोगा वारसा त्याहून अधिक वाढण्याच्या पद्धतीत, स्वयंपाकघराच्या नियमांत आणि त्या एका घराखेरीज कुठेच तशी न मिळणाऱ्या पदार्थात असतो, असे मला मनापासून वाटते. आपण स्वतः जेवलेल्या, निदान दोन पिढ्या चाललेल्या शाकाहारी ठिकाणांबद्दल सविस्तर लिहावे, ही विनंती.

*

मी मूळचा सोलापूरचा, गेली सतरा वर्षे बेंगळुरूत आहे. लालबाग रस्त्यावरच्या मावळ्ळी टिफिन रूमबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. इथे सगळे तिला एमटीआर म्हणतात. उडुपीकडच्या मैय्या बंधूंनी 1924 साली ती सुरू केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांदळाची टंचाई झाली, तेव्हा इडलीच्या पिठात तांदळाऐवजी रवा वापरून पाहिला गेला आणि रवा इडली जन्माला आली. आज आपल्याकडे घरोघरी होणाऱ्या या पदार्थाचे मूळ एका टंचाईत आहे, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हते. तिथली रवा इडली आकाराने मोठी असते; तुपावर भाजलेला रवा, दही, मोहरी आणि हरभऱ्याच्या डाळीची फोडणी, वर काजू, आणि सोबत बटाट्याचा सागू (म्हणजे रस्साभाजी), चटणी व छोट्या वाटीत वेगळे तूप. माझी आई आली होती, तेव्हा तिने पहिला घास घेऊन लगेच निदान केले, "पीठ आंबवलेले नाही, आंबटपणा दह्याचा आहे." त्यानंतर सोलापुरात तिने सहा वेळा प्रयोग केले. सहाव्या वेळी जमले, पण आमच्या घरच्या भाजलेल्या रव्याला तो वास आला नाही, हे तिने स्वतःच मान्य केले.

आणीबाणीच्या काळात सरकारने खाद्यपदार्थांचे दर इतके खाली आणायला लावले की खर्चही निघेना. दर्जा उतरवण्यापेक्षा मालकांनी काही काळ तोटा सोसून पदार्थ दिले आणि रोजचा तोटा ग्राहकांना दिसेल असा फलकावर लिहिला. शेवटी स्वयंपाकघर बंद करून त्यांनी शेजारच्या दुकानात तयार पिठे व मसाले विकायला सुरुवात केली. पुढे त्यातूनच पाकिटबंद पदार्थांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. आज आपल्या वाणसामानात येणारे ते पाकीट पाहिले की मला तो तोट्याचा फलक आठवतो. चांदीच्या पेल्यातली कॉफी आणि रविवारचा चंद्रहार मिळाला तर सोडू नये. चंद्रहार म्हणजे घड्या घालून तळलेली पारी आणि तिच्यावर ओतलेला दाट, गोड खवा.

*

बेंगळुरूचे नाव निघालेच आहे, तर गांधी बाजारातील विद्यार्थी भवन राहू नये. ते 1943 सालचे. शुक्रवारी बंद असते. मी पहिल्यांदा नेमकी शुक्रवारीच गेले होते. तिथला मसाला डोसा जाड, बाहेरून लालसर कुरकुरीत आणि आतून मऊ असतो. सोबत सांबार मिळत नाही, फक्त पातळ चटणी मिळते, आणि एकदा खाल्ल्यावर सांबार हवा होता असे वाटतही नाही. वाढपी एका हातावर डोशांच्या ताटल्यांची उतरंड रचून येतात, आणि गर्दीतून वाट काढताना एकही ताटली हलत नाही. भिंतींवर कन्नड साहित्यिकांची रेखाचित्रे आहेत. आपल्या भाषेच्या लेखकांना नाश्त्याच्या जागी असे मानाने टांगलेले पाहून मला फार बरे वाटले, आणि थोडा हेवाही वाटला.

*

आम्ही म्हापशाचे. पणजीला कामानिमित्त गेले की सकाळी कॅफे भोसलेत भाजीपाव खाल्ल्याशिवाय कचेरीत पाऊल ठेवायचे नाही, हा आमच्या घरचा दंडक आहे. ते 1920 सालचे आहे. गोव्याच्या खाण्याचा विचार करताना बाहेरच्यांना मासळीच आठवते. पण इथल्या हिंदू उपाहारगृहांची सकाळ पूर्ण शाकाहारी असते, हे सांगण्यासाठी मुद्दाम लिहितो. पातळ भाजी, सुकी भाजी किंवा दोन्ही एकत्र, सोबत पाव, मिरचीचे भजे आणि शेवटी केळे घालून केलेला गोडसर बन. भाजीत ओल्या नारळाचे वाटण असते, त्यामुळे मुंबईच्या पावभाजीशी तिचा काहीही संबंध नाही. अनोळखी माणसाच्या समोरच्या खुर्चीवर बसावे लागते. माझी पत्नी सुरुवातीला संकोचत असे, आता तीच समोरच्याला कोणती भाजी घ्यावी ते सांगते.

*

पुण्यात नारायण पेठेतील बेडेकरांची मिसळ. पोहे, बटाट्याची भाजी, शेव, वर किंचित गोडसर रस्सा आणि पावाऐवजी स्लाइस ब्रेड. कोल्हापूरच्या पाहुण्यांना ती मिसळ वाटत नाही, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. मला लहानपणी आजोबांबरोबर खाल्लेली चव आजही तिथे सापडते, एवढे मला पुरेसे आहे.

*

एक वाईट अनुभवही नोंदवतो. जागेचे नाव लिहीत नाही. एका शहरातील फार जुन्या खाणावळीचे नूतनीकरण झाल्याचे वाचून आम्ही आठजण गेलो. पितळी हंडे, जाते, नऊवारी नेसलेल्या बाहुल्या, सगळे होते. पुरणपोळी मात्र गोठवून पुन्हा गरम केलेली होती, कडा चामड्यासारख्या झाल्या होत्या, आणि कटाच्या आमटीत पुरणाचा मागमूस नव्हता. पुरणाच्या डाळीचे पाणी निघाल्याशिवाय कट होत नाही, आणि कट ज्या घरी होतो तिथे पुरण ताजे असते, हे साधे गणित आहे. वारसा सजावटीपेक्षा पदार्थात आणि स्वयंपाकघराच्या नियमांत असतो, हे पहिल्या लेखात म्हटलेले मला त्या दिवशी पटले.

*

याच्या अगदी उलट अनुभव मला झुरिकमध्ये आला. तिथले हिल्टल हे 1898 साली सुरू झालेले शाकाहारी उपाहारगृह जगातील सर्वांत जुने मानले जाते. अँब्रोसियस हिल्टल यांना संधिवात होता, वैद्यांनी मांस सोडायला सांगितले, म्हणून ते तिथे जेवायला येऊ लागले आणि पुढे त्यांनीच ती जागा चालवायला घेतली. आज आत गेलात तर जुने असे जवळजवळ काहीच दिसत नाही. आपण आपले ताट भरून घ्यायचे आणि वजनावर पैसे द्यायचे. पण त्या मांडणीत भारतीय रस्साभाज्या पाहून मी चौकशी केली, तेव्हा कळले की घरातील मार्गरिट हिल्टल 1951 साली दिल्लीला शाकाहारी परिषदेसाठी गेल्या होत्या आणि तेथील पदार्थांची आवड घेऊन परतल्या. परदेशात सहा महिने उकडलेल्या बटाट्यांवर काढलेल्या मला, जिऱ्याच्या वासाने त्या दिवशी डोळ्यांत पाणी आले. तिखट अगदी बेताचे होते. तरीही मी दोनदा ताट भरले आणि वजनाचे दोनदा पैसे दिले.

*

पहिला अनुभव वाचून लिहायला बसले. माझे वडील दादरच्या एका उपाहारगृहात बत्तीस वर्षे वाढपी होते. बाराव्या वर्षी कोकणातून आले, आधी टेबले पुसली, रात्रशाळेत सातवीपर्यंत शिकले, मग हातात भांडे आले. "पानाकडे बघतो" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले आहे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे पाहिले तर त्याला नको म्हणताना संकोच वाटतो, आणि मग अन्न वाया जाते, असे ते समजावत. आमटी उजवीकडे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, मीठ सर्वांत आधी. माझ्या लग्नात केटररची माणसे पंगतीत मीठ वाढायचे विसरली, तेव्हा मुलीचे वडील असूनही ते उठले, सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि दोनशे पानांना स्वतः मीठ वाढत गेले.