विषय: गावाकडच्या कुत्र्यासाठी गोचिडीची गोळी इथून नेऊ का?

रवी लिहितो:

नमस्कार मंडळी,

दिवाळीला तीन आठवडे औसा तालुक्यात, गावी चाललोय. काल फोनवर अण्णा म्हणाले, "कुत्रं लई खाजवलालंय रे." आईने व्हिडिओ कॉलवर वाघ्याचा कान उलटा करून दाखवला, तर आत एरंडाच्या बिया चिकटवल्यासारखे गोचीड. दोन दिवस जेवणही टाकलंय म्हणे.

इथे डॅलसला आमच्या ब्रूनोला महिन्याला एक चघळायची गोळी देतो. डबीत चार उरल्यात. त्याच नेऊ का? ब्रूनो लॅब्राडॉर, ३२ किलो. वाघ्या गावठी, अंगाने बारीक, वजन कधी कुणी केलेलं नाही. अण्णांनी शेजाऱ्याकडून गाईला मारायचं गोचिडीचं औषध आणून ठेवलंय. "थांबा" म्हणालोय, पण त्यांचं थांबणं तुम्हाला माहितीये.

संजय:

रवी, गोळ्यांच्या नादी लागू नकोस. त्याने कुत्र्यांना झटके येतात असा इशारा इथल्या, अमेरिकेच्या औषध प्रशासनानेच (एफडीए) २०१८ मध्ये दिलाय. आमची परळीची आजी सीताफळाच्या बिया कुटून खोबरेल तेलात कालवायची आणि लावायची. फुकटातलं औषध. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळाला काय तोटा?

माधुरी:

संजयदादा, आजीला नमस्कार, पण सीताफळाच्या बियांची पूड अजिबात नको. उवांसाठी डोक्याला लावताना ती डोळ्यात जाऊन बुबुळाला इजा झालेली माणसं दवाखान्यात येतात. माणूस निदान डोळे मिटून बसतो, कुत्रं पंजाने कान खाजवतं आणि त्याच पंजाने डोळा चोळतं. तंबाखूचं पाणी आणि भाकरीत लसूण हेही आपल्याकडचे लाडके उपाय. पहिल्यात निकोटिनचं विष, दुसऱ्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

रवी, मी परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकले. इथे प्रॅक्टिस करत नाही, त्यामुळे हे मोठ्या बहिणीचं बोलणं समज, चिठ्ठी नव्हे.

आधी ती गाईची बाटली घरातून हलव. बहुतेक साडेबारा टक्क्यांचं अमिट्राझ असेल. ते गुरांवरही भरपूर पाण्यात मिसळूनच मारतात. अंदाजाने ओतलं आणि कुत्र्याने अंग चाटलं, की ते गुंगून पडतं, नाडी मंदावते. कुणी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सुचवेल, त्यालाही नाही म्हण. गुरांसाठीच्या एक टक्का इंजेक्शनचं माप ५० किलोला १ मिली असं असतं. बारक्या कुत्र्यासाठी सिरिंजवरची एक रेघ चुकली तरी हिशेब बिघडतो. कोली जातीच्या कुत्र्यांत तर जनुकातल्या दोषामुळे ते मेंदूपर्यंत पोचतं.

ब्रूनोच्या गोळ्या नेऊ नकोस. या गोळ्या वजनाच्या पट्ट्याप्रमाणे येतात, आणि अर्धी तोडून दिली तर औषधही निम्मंच गेलं याची खात्री नाही. या गोळ्यांतली औषधं, म्हणजे अफॉक्सोलानर, फ्लुरालानर, सारोलानर, सगळं भारतात मिळतं. लातूरला पशुवैद्याला दाखवून तिथूनच घे. संजयदादा म्हणतो तो इशारा खरा आहे: काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणं, झटके. पण औषधं बाजारातून काढली नाहीत, बहुतेक कुत्र्यांना ती सोसतात. तुझा प्रश्न एवढाच, की वाघ्याला आधी कधी झटके आलेत का. आले असतील तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांग, ते दुसरं काही निवडतील.

घरात मांजर आहे का? असेल तर परमेथ्रिन असलेलं कुठलंही औषध कुत्र्याला लावू नका. कुत्र्याला ते चालतं, पण मांजराच्या यकृताला पचत नाही. कुत्र्याला चिकटून झोपलेलं मांजर त्याने मरू शकतं.

आणि दोन दिवस जेवण टाकलंय हे मला आवडलं नाही. तू येईपर्यंत थांबू नका. आईला सांग, वाघ्याचा ओठ वर करून हिरड्या बघा. पांढरट दिसल्या, अंग तापलेलं असलं किंवा नाकातून रक्त आलं, तर गोचीडताप धरून चाला आणि त्याच दिवशी रक्त तपासा. एर्लिकिया, म्हणजे गोचिडीतून येणारा जंतू असेल तर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक देतात, साधारण २८ दिवस. चार दिवसांत कुत्रं शेपूट हलवायला लागलं म्हणून अण्णा मधेच बंद करतील, त्यावर लक्ष ठेव.

शेवटचं, पण माझ्या मते अर्धी लढाई हीच. तुमचं घर अजून माळवदाचंच आहे ना? कुत्र्याची तपकिरी गोचीड रक्त पिऊन फुगली की खाली पडते, भिंत चढते आणि फटीत हजारो अंडी घालते. दगडामातीची भिंत म्हणजे तिचं माहेर. वाघ्या झोपतो ते गोणपाट जाळा, भिंतीच्या फटी लिंपून घ्या. नाहीतर गोळी कितीही चांगली असो, नवी पिलं चढतच राहणार. या गोळ्या गोचिडीला दूर ठेवत नाहीत, ती चावल्यावरच मरते.

रवी (गावाहून):

माधुरीताई, तुमचा मेल आला त्याच दिवशी चुलतभावाने वाघ्याला लातूरला नेलं. हिरड्या फिक्या होत्या, प्लेटलेट कमी निघाल्या. डॉक्सी चालू आहे, आता भाकरी खातो. डॉक्टर म्हणाले, थोडी ताकद येऊ द्या, मग गोळी.

वजनाची मात्र गंमत झाली. वाघ्या काट्यावर उभा राहीना. शेवटी आडतीवर नेलं. सोयाबीनच्या पोत्यांच्या रांगेत अण्णा त्याला कडेवर घेऊन मोठ्या काट्यावर उभे राहिले: साडेअठ्ठ्याहत्तर. मग एकटे: एकसष्ट. तोलणाऱ्याने विचारलं, "अण्णा, काय भावानं लावू?"

साडेसतरा किलो, म्हणजे दहा ते पंचवीसचा पट्टा. ब्रूनोची गोळी दिली असती तर केवढी जास्त झाली असती!

मांजर आहे, आणि ते वाघ्याच्या पोटाशीच झोपतं. काल बॅटरी घेऊन बघितलं, तर देवळीच्या वर, माझ्या डोक्याच्याही वरच्या फटीत गोचीड बसलेले. चिमट्याने काढून साबणाच्या पाण्यात टाकतोय. अण्णा नखावर चिरडत होते, ते बंद केलं. चुना-मातीचा गिलावा उद्यापासून.

गोळी भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी दिली. पुढची महिन्याने. अण्णांना तारखा लक्षात राहत नाहीत म्हणून कॅलेंडरवर खूण करायला गेलो, तर म्हणाले, "लिहू नको. चंपाषष्ठीच आहे त्या दिवशी. खंडोबाच्या दिवशी वाघ्याला विसरलालो होय मी?"